जरा मध्ये या

नगरमधल्या आमच्या फिल्म क्लबात महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी परदेशी चित्रपट दाखवतात. मी कॉलेजात गणित शिकवते आणि हा रविवार सहसा चुकवत नाही. गेल्या हिवाळ्यात युरोपातला एक चित्रपट लागला होता, बड्या लोकांची टर उडवणारा. डोंगरातलं महागडं हॉटेल आणि मालकाच्या डोक्यात शिरलेलं खूळ: जाहिरातीच्या फोटोत प्रत्येक रंगाचं, प्रत्येक देशाचं एकेक माणूस दिसलंच पाहिजे. एक रंग कमी पडतो. मग फरशी पुसणाऱ्या सावळ्या बाईला ओढून आणतात, कुणाचा तरी कोट तिच्या अंगावर चढवतात. फोटोग्राफर तिला म्हणतो, जरा मध्ये या. फोटो झाला की कोट काढून घेतात आणि बाई त्या सगळ्यांच्या बुटांचे ठसे पुसायला बसते. सभागृह खदखदून हसलं. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पण एक गोष्ट मनात खुपत होती. दिग्दर्शक मालकाची खिल्ली उडवतो खरा, पण त्या बाईला त्यानेही अख्ख्या चित्रपटात एक वाक्य दिलेलं नाही. मग तो मालकाहून वेगळा कसा? उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणूनच मला चर्चेत बोलायचं होतं.

दिवे लागले. क्लबचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, भला माणूस. त्यांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, "आज आपल्यात ऊसतोड कुटुंबातून आलेल्या मॅडम आहेत. वंचितांच्या वतीने त्या दोन शब्द बोलतील." आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच, शाल आणि नारळ टेबलावर तयार होते. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी त्या फरशीवाल्या बाईपासून सुरुवात केली. अध्यक्ष हळूच म्हणाले, "मॅडम, समीक्षा बाकीचे करतीलच. तुम्ही तुमचे अनुभव सांगा."

राग आला, खोटं कशाला बोलू. पाथर्डीकडचं आमचं कोरडवाहू रान, दिवाळी झाली की कारखान्याच्या वाटेला लागणारं घर, उसाच्या फडाशेजारची पाचटाची झोपडीवजा कोपी, हे सगळं खरं आहे आणि मला त्याची लाजही नाही. पण त्या सकाळी मी नुसती चित्रपट बघायला गेले होते. तरी सांगितलं सगळं. टाळ्या पडल्या. शाल अंगावर आली. मंडळी फोटोला उभी राहिली आणि क्लबचा फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा मध्ये या."

मला हसू फुटलं, आवरता आवरेना. लोकांना वाटलं, मॅडम भारावल्या. एवढं होऊनही कुणाला चित्रपटातला तो प्रसंग आठवला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

घरी आई गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "कसा हुता गं पिक्चर?"

सकाळपासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. बुटांच्या ठशांपाशी आई इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं. दाणे गोळा करता करता तिने विचारलं, "त्या बाईचं नाव काय हुतं?"

"सांगितलंच न्हाई गं त्यांनी."

आईने शेवटचे दाणे सुपात टाकले. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या शालीकडे गेलं.

"आन ही कशाबद्दल दिली?"

"मधी उभं राहिल्याबद्दल," मी म्हणाले.