मामांचे रुंद टाय

आमच्या मामीला टाय या वस्तूचा मनापासून राग. गळ्यात बांधायचं आणि पोटावर सोडायचं, ना थंडीला उपयोग ना लाज झाकायला, असं ती म्हणायची. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो टायशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा.

मामा झुंबरांच्या दुकानात विक्रेते. झुंबर विकणारा माणूस कसा भरघोस हवा, असं त्यांचं मत होतं आणि त्या बाबतीत त्यांनी स्वतःकडून काही कसूर ठेवली नव्हती. दुकानातली मंडळी त्यांना पिंप म्हणत, आणि मामा त्या नावाला खुशाल ओ देत. टायही अंगाला शोभतील असे, तळहाताएवढे रुंद. निळे, किरमिजी, एकावर तर चक्क बदकं.

मामी बाहेरच्या खोलीत मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची, कंबर घ्यायची आणि सोडायची. तिचं दुकान लोकांच्या जाड-बारीक होण्यावर चालत असल्यामुळे माणसाच्या वजनाविषयी ती डॉक्टरपेक्षा मोकळेपणाने बोलायची. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते. कामावरून आले की आधी त्यांच्याकडे टेकायचं, मामीची बोलणी खायची आणि मग जिना चढायचा, हा माझा नेम.

मग मामांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. वाईट होतं ते सगळं काढलंय, असं डॉक्टर म्हणाले. आता खाल्लेलं अंगी लागून वजन वाढलं, की जिंकलो. पण वजन काही वाढेना. मामा निम्मे झाले. कामावर परत जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आरशासमोर उभं राहून टाय बांधला. मानेपेक्षा गाठ मोठी दिसत होती. लहान बाळाला बांधलेल्या लाळेऱ्यासारखा तो टाय त्यांच्या छातीवर पसरला होता.

मामांनी कपाटातले सगळे टाय काढले आणि मामीच्या मशीनवर आणून टाकले.

"सगळे कापून बारीक कर," ते म्हणाले. "आता मी असाच राहणार. उगाच वाट बघत बसण्यात अर्थ नाही."

त्यांनी ते हसत हसत सांगितलं, म्हणून मला जास्तच लागलं. मला वाटलं, मामी आता त्यांना चार शब्द सुनावणार. ती नुसती "ठेवा तिथे" म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

टाय उसवणं किती सोपं असतं, ते मला तिच्याकडून कळलं. मागची शिवण एकाच लांब, सैल दोऱ्याची असते. टोकाची गाठ तोडून दोरा ओढला की सगळा टाय उलगडून पडतो. आत एक जाड लोकरी पट्टी असते, तिला मामी हाड म्हणायची. बारीक करायचा तर हाड कापायचं, दोन्ही बाजूंचं रेशीम कापायचं, टोकाचा कोन नव्याने बसवायचा आणि परत हातानेच शिवायचं. मशीन मारलं तर टाय पिळवटतो. मामांचे टाय तिने मी कामावर असताना उरकले. संध्याकाळी पाहिले तर सगळे इस्त्री होऊन ओळीने खुर्चीच्या पाठीवर.

आणि काय दिसत होते! सुटसुटीत, अंगासरशी बसणारे, गाठ अक्रोडाएवढी. दुकानाचे मालक म्हणाले, तुम्ही तर एकदम तरुण झालात. मामा तेवढ्यावर आठवडाभर फुशारले. मग दुकानातले हिशेबनीस आपला टाय घेऊन आले, त्यांच्यामागून शेजारचे दंतवैद्य आले, दंतवैद्यांचे मेव्हणे आले. टायला उभा जन्म नावं ठेवणाऱ्या आमच्या मामीच्या खिडकीत पाटी लागली: टाय बारीक करून मिळतील. लोकांच्या टायांवर तिची कात्री कचाकच चालायची. उरलेल्या रेशमी पट्ट्या जोडून मी उशीची खोळ शिवली. मामांच्या बदकांचा तुकडाही मला हवा होता. मागितला तर म्हणाली, टाकून दिला. चिंधीसुद्धा जपून ठेवणारी ही बाई!

आणि एके दिवशी मामा म्हणाले, भूक लागली.

तिथून गाडी रुळावर आली. घेतलेली कंबर मामी सोडत गेली आणि सोडताना गुणगुणत गेली. मामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की ती तोंडाने म्हणायची, आवरा आता, घर खाल. आणि हाताने आणखी वाढायची. डॉक्टर शेवटी म्हणाले, आता मला भेटायचंच असेल तर चहाला या.

ते ऐकून आल्यावर मामांनी हौसेने बदकांचा टाय बांधला. पिंपाला सुतळी बांधल्यासारखं दिसत होतं. आधी आम्ही पोट धरून हसलो. मग मामांचा चेहरा उतरला.

"चांगले टाय होते गं," ते म्हणाले. "मीच घाई केली."

"काढा तो इकडे," मामी म्हणाली.

तिने गाठ तोडली आणि दोरा ओढला. रेशीम घडीघडीने उलगडत गेलं, दोन्ही बाजूंनी बदकं बाहेर आली, आणि तळहाताएवढा टाय जसाच्या तसा मशीनवर पसरला. तिने नुसतं हाड काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी जास्तीचं रेशीमच दुमडून बसवलं होतं, म्हणून टाय कधी फुगीर दिसला नव्हता. कपाटातून तिने लोकरी पट्ट्यांचा जुडगा काढला. सगळी हाडं शाबूत.

"कापला नाहीस?" मामांनी विचारलं.

"नाही."

"एकही?"

"तुम्ही सांगाल ते ऐकायला मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

मामा स्टुलावर बसले. म्हणाले, "आणि मी परत जाड झालो नसतो तर?"

मामी सुईत दोरा ओवत होती. तो पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदाही गेला नाही.

"तर ते कापून कुणाच्या गळ्यात घालणार होते मी?"

मला रडू आलं. मामा तर उघडउघड रडत होते. मामी मात्र मान खाली घालून टाके घालत राहिली. हाड जागेवर गेलं, घडी बसली, शिवण झाली. तिने मामांना उभं केलं, टाय बांधला, गाठ वर सरकवली आणि दोन पावलं मागे जाऊन गिऱ्हाइकाला पाहावं तसं त्यांना नखशिखांत पाहिलं. मग पुढे येऊन त्यांच्या पोटावर हात ठेवला.

"बास, आता इथेच थांबा," ती म्हणाली. "याच्यापुढे कापड नाही."