पाचवा उद्गार

सालगड्यानं हौदाच्या बुडातला बोळा ओढला आणि पाणी जमिनीवर सोडून दिलं.

मी समोर उभी होते. माझी ओंजळ अजून ओली होती. पाणी बांधाकडं धावलं, भेगांत शिरलं, दिसेनासं झालं. तेवढ्या पाण्यात आमच्या वस्तीची रात्र निघाली असती. उसात खुरपणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. 

झालं एवढंच होतं की मी पाणी प्याले होते.

सकाळपासून गावातल्या बड्या बागायतदाराच्या, आबांच्या उसात खुरपत होते. देवणी तालुक्यातलं आमचं गाव, एप्रिलचं ऊन, आणि साल दुष्काळाचं. माणसांना घागर मिळत नव्हती तरी आबांचा ऊस हिरवागार होता. त्यांच्या रानात एक नियम होता. बाकीच्या बायांना मालकीण, आबांची बायको, तांब्यानं पाणी द्यायची. आमच्या वस्तीच्या बायांनी आपापली बाटली घरून आणायची. हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नाही. गरजच पडली नाही. माहेरच्या गावातही हाच होता, लहानपणी आईच्या पाठोपाठ रानात गेलं की आपोआप कळायचं.

माझी बाटली दुपारच्या आतच संपली. डोळ्यांपुढं अंधारी आली. हौद जवळच होता. आबांचा देवणी वळू नुकताच पिऊन गेला होता, त्याची लाळ पाण्यावर तरंगत होती. मी ती हातानं बाजूला सारली आणि दोन ओंजळी प्याले.

मालकीण ओट्यावरून खाली आली. आवाज चढवला नाही तिनं. ती कधीच चढवत नाही.

"हात घातलास व्हय गं आत?"

मग सालगड्याकडं वळून म्हणाली, "सोड समदं. घासून घे हौद."

मी म्हणाले, "वळू पितंय की त्यातलं."

ती हसली. "जनावराला काय कळतंय? तुला तर कळायला पायजे. आन हौद धुवायलाच आल्ता. मी काय जात काढली का तुझी?"

नाही काढली. आता कुणी काढत नाही. कायदा झाल्यापासून जिभा शहाण्या झाल्यात. माझ्या आज्याला शिव्या देऊन हाकललं जायचं, मला हसून हाकललं. शिवी दिली असती तर उलट देता तरी आली असती. हसण्याला काय उलटून देणार?

"घासून होईस्तोवर हितंच उभी ऱ्हा," ती म्हणाली. "किती काम वाढीवलंस ते बघ."

मी उभी राहिले. उन्हात, डोक्यावर पदर नाही, बायांच्या देखत. सालगडी राखेनं हौद घासत होता. माझ्याकडं बघायचं टाळत होता. मग त्यानं मोटार चालू केली, हौद पुन्हा भरला, आणि वळूला परत आणून पाजलं. तो पोटभर प्याला. मग मालकिणीनं मला खुरपं उचलायला सांगितलं. आणि मी उचललं. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

त्या साली वस्तीचा हातपंप आटला होता. ग्रामपंचायतीनं घरोघर नळाच्या तोट्या बसवल्या होत्या, फोटोही काढून नेले होते. तोट्यांना पाणी कधी आलंच नाही. प्यायचं ते आबांच्या बोअरचं. रोज संध्याकाळी त्यांच्या रानातून पाइप वस्तीच्या कडेपर्यंत यायचा आणि आम्ही घागरी भरून घ्यायचो.

त्या संध्याकाळी पाइप आला नाही. बाया घागरी मांडून बसल्या. अंधार पडायच्या आधी सालगडी आला. लांबूनच म्हणाला, "आबा म्हणले, आदी तिला पाठवा. चुकले म्हणू द्या. मग सोडतो पाणी."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझी सासू रांगेत पुढंच बसली होती. नवरा हैदराबादला बांधकामावर, घरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "थोडी कळ काढली आस्तीस तर मेली आस्तीस का गं?"

मालकिणीच्या बोलण्यानं नव्हतं आलं एवढं पाणी सासूच्या बोलण्यानं डोळ्यांत आलं.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. आमची वस्ती ख्रिस्ती. आज्याच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला. वाटलं होतं जात धुतली जाईल. गाव अजून मांगवाडाच म्हणतं. तर गुड फ्रायडेला आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते. येशू वधस्तंभावर सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तीन वाजेपर्यंत मंडळीतलं, म्हणजे चर्चला येणारं, कुणी पाण्याचा थेंब घेत नाही. त्या वर्षी पाचवा उद्गार मला दिला होता. तहान लागली, असं येशू म्हणाला तो.

गुरुवारी रात्रीच उदगीरहून उपासना चालवणारे पाळकसाहेब मोटारसायकलवर आले ते थेट माझ्या दारात. त्यांना सगळं कळलं होतं.

"ताई, आत्म्याची तहान घ्या," ते म्हणाले. "देवाच्या वचनाची तहान, धार्मिकतेची तहान. हौदाचा विषय काढू नका. आणि शेवटी चूक झाली म्हणा. आबा स्वतः येणार आहेत ऐकायला."

आत्म्याची तहान. लहानपणापासून हेच ऐकत आले. बायबलात कुठंही कोरडं रान आलं की ते मन असतं. विहीर आली की ते तारण असतं. पाणी म्हणजे कधी पाणी नसतंच. हे सांगणाऱ्यांच्या घरी फिल्टर असतो.

मी म्हणाले, "साहेब, रानात लोक तहानले, मोशेवर वरडले. तवा देवानं काय केलं?"

"खडकातून पाणी काढलं."

"आदी माफी मागा म्हणला का?"

"ते वेगळं आहे ताई."

"काय वेगळं हाय?"

"वस्तीत म्हातारी माणसं आहेत. लेकरं आहेत. तुमच्या एकटीच्या मानापायी त्यांना तहानलेलं ठेवणार?"

हे फार हुशार असतात. पाणी तोडणाऱ्याला कुणी विचारत नाही, लेकरं तहानलेली का ठेवलीस. विचारतात ते आम्हालाच. पण शेजारच्या घरात खरंच लेकरू रडत होतं, आणि मी म्हणाले, "मागते माफी."

हो, मी म्हणाले तसं. आणि मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. पत्रा तापला होता. आबा पांढऱ्या कपड्यांत आले. त्यांना पुढं खुर्ची दिली, शेजारी स्टुलावर पाण्याची सीलबंद बाटली ठेवली. ती चर्चच्या वर्गणीतून आणली होती. आम्ही सगळे खाली सतरंजीवर. उपास तीन वाजेपर्यंतचा, पण आमचा आदल्या संध्याकाळपासूनच सुरू झाला होता. एक पोरगी आईच्या मांडीत कुरकुरत होती, आई तिला दटावत होती, "तीन वाजू दे, तीन वाजू दे."

चौथा उद्गार झाला, गीत झालं. मी उठले. माफी तोंडपाठ केली होती. आबा, माझी चूक झाली, मंडळीच्या साक्षीनं सांगते. एवढंच वाक्य. पाळकसाहेबांनी मान हलवून धीर दिला.

मी बायबल उघडलं आणि तो भाग वाचला. वाचता वाचता झाकण तुटल्याचा आवाज आला.

आबांनी बाटली उघडली होती. तोंडाला लावून सावकाश प्याले. चर्चमध्ये सगळ्यांच्या माना त्या बाटलीकडं. माझ्या सासूनं ओठांवरून जीभ फिरवली. जीभ कोरडी, ओठ कोरडे. आदल्या संध्याकाळी मला बोललेली तीच ती, आणि मला तिची एवढी कीव आली, आणि त्या माणसाचा एवढा संताप आला, की पाठ केलेलं वाक्य मला सापडेना. खोटं कशाला बोलू? सापडत होतं. मी ते उचललं नाही.

मी म्हणाले, "येशूला आत्म्याची तहान लागली न्हवती. अंगातलं रगत गेलेल्या माणसाला पाण्याची तहान लागती. त्यानं पाणीच मागितलं. आन लोकांनी काय दिलं? आंब दिली, आंबलेला द्राक्षारस. हातानं दिली का? न्हाई. बोळा बुडवला, काठीला लावला आन लांबून तोंडाला टेकवला. आजपतुर आमाला सांगितलं, वधस्तंभ उंच व्हता म्हणून काठी लागली. काठी कशाला लागती ते आमच्या वस्तीला कुणी शिकवायला नको."

पाळकसाहेब खाकरले. मी थांबले नाही.

"ह्याच बायबलात एक श्रीमंत हाय. त्याच्या दारात लाजर नावाचा भिकारी पडलेला. दोगंबी मेले. श्रीमंत आगीत पडला, घसा जळायला लागला. तवा त्यानं काय मागितलं? लाजरला धाडा म्हणला. त्याचं बोट पाण्यात बुडवू द्या आन माझ्या जिभेला लावू द्या. त्याच लाजरचं बोट. तवा त्याला बोट चाललं."

मी आबांकडं बघितलं.

"काल मी तुमच्या हौदात हात घातला. मला तहान लागली व्हती. मी माफी मागणार न्हाई."

मी खाली बसले.

आबा उठले. त्यांनीही आवाज चढवला नाही. "पाळक, तुमच्या लोकांला पाणी नको आसंल तर आपली जबरदस्ती न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. पाळकसाहेबांनी घाईनं गीत सांगितलं. ते एकटेच गात होते.

आता कुणाला वाटेल की वस्ती माझ्या मागं उभी राहिली. नाही राहिली. पाइप पावसाळ्यापर्यंत आला नाही. बाया ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या आणि वाटेनं मला शिव्या द्यायच्या. महिला मंडळातून मला काढलं. आबांच्याच काय, गावातल्या कुणाच्याच रानात मला काम मिळेना.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडं बघितलं. "ख्रिश्चन का? कागदावर काय हाय?" कागदावरही तेच आहे. बाकीचे सवलतीसाठी कागदावर हिंदू लिहितात, माझा बाप खरं लिहिणारा निघाला. "मग तुला अॅट्रॉसिटी लागत न्हाई बाई. ते हिंदू-मांगाला लागतंय." म्हणजे आबांच्या हौदाला माझी जात कळते आणि सरकारला कळत नाही. हवालदारानं वर सल्ला दिला, समजुतीनं घे.

उन्हाळा संपता संपता सासू त्या विहिरीच्या वाटेवर घागरीसकट पडली. खुबा मोडला. तेव्हापासून खाटेवर आहे. मी तिचं हागणंमुतणं काढते, तिला घास भरवते. पण पाणी ती माझ्या हातचं घेत नाही. शेजारणीला हाक मारते. शेजारीण आली नाही तर तशीच पडून राहते. मी तांब्या घेऊन उभी राहते आणि ती भिंतीकडं तोंड करते. मालकिणीनं केलं ते मी सोसलं. हे सोसत नाही.

पस्तावा होतो का, असं माहेरचे विचारतात. खाटेकडं बघितलं की होतो. रडते. पण त्या दुपारी ते वाक्य बोलले असते तर पाणी आलं असतं, आणि दर संध्याकाळी पाइपाखाली घागर धरताना वस्तीतल्या प्रत्येक लेकराला कळलं असतं की आपण माफी मागून पाणी पितो. जसं मला माझ्या आईमागं फिरताना कळलं होतं.

या वर्षी गुड फ्रायडेच्या आधी पाळकसाहेब पुन्हा आले. खाटेवर पडलेल्या सासूसाठी प्रार्थना केली. मग म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरा. मंडळीत परत या. या वेळी पहिला उद्गार तुम्ही घ्या."

पहिला उद्गार क्षमेचा आहे. यांना क्षमा कर, काय करतात ते यांना समजत नाही, असं येशू बापाला म्हणतो.

"तुमच्याच तोंडून तो ऐकायचाय," पाळकसाहेब म्हणाले. "आबाही येतील."

मी म्हणाले, "साहेब, त्यांना समदं समजतंय. आन ज्याला खिळे ठोकले त्यानं आपल्या मनानं बोलायचा उद्गार हाय त्यो. खिळे ठोकणाऱ्याला खुर्ची देऊन त्याच्यापुढं बोलायचा न्हाई."

"मग तुम्ही येणार नाही?"

"चर्चला न्हाई येणार."

शुक्रवारी बारा वाजता मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसणार आहे. उपास धरून नाही. भाकरी खाऊन, पाणी पिऊन, कारण मला त्या पायरीवरून लवकर उठायचं नाही. घरात बसवलेल्या तोट्यांना पाणी येईपर्यंत तिथून हलणार नाही. सासूजवळ शेजारीण बसेल. वस्तीतलं कुणी आलं तर बरं, नाही आलं तरी मी आहेच. आणि कधी आबा माझ्या दारात आले, चुकलो म्हणाले, तर मी ऐकून घेईन. क्षमा द्यायची की नाही, ते मी ठरवीन.