अष्टमीची तारीख

एकसष्ट साली वेंगुर्ल्याच्या आमच्या मासळीवालीने बेळगावच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला. बेळगाव म्हैसूर राज्यात; पण तिचा संसार तिथेच झाला होता आणि नवरा दुसऱ्या बाईबरोबर तिथेच राहत होता. तारीख चुकली तर अर्ज फेटाळला जाईल, असे वकिलाने बजावले होते. पहिल्या तारखेला मी साक्षीदार म्हणून गेलो. ती न्यायाधीशांना म्हणाली, "सायबानू, माका अष्टमीची तारीख होई. तेव्हा दर्यात भांग, उधाण नसता, मासळी गावणा नाय."

कारकून हसला. "बाई, हे कोर्ट आहे, बंदर नव्हे."

"म्हणानच सांगतंय. उधाणात इलंय तर पोरां उपाशी."

न्यायाधीशांनी पंचांग मागवले.

पुढच्या नऊही तारखा अष्टमीच्या पडल्या. तिने एकही चुकवली नाही. नवरा दोनदाच आला. नवव्या अष्टमीला घटस्फोट मंजूर झाला. नवमीला सकाळी ती बंदरावर टोपली घेऊन बसली होती.