तांबड्या बैलाचं गाऱ्हाणं

मिठबावहून पहाटे निघालो तेव्हा माझ्या पायांत दोन वहाणा होत्या. खाडीपलीकडे उतरलो तेव्हा एक. तरीतून (खाडी पार करणाऱ्या होडीतून) मी जरा ऐटीत उडी मारली आणि डावी वहाण चिखलाने गिळली.

"दुसरी पण टाका, मास्तरांनू," माझे सोबती गोविंद परब म्हणाले. "एका पायान सायब नि एका पायान शेतकरी, बरा दिसना नाय."

मी टाकली. दिवसभरात ऐकलेला हा सर्वांत शहाणपणाचा सल्ला ठरला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एका शिक्षकमित्राच्या घरी उतरलो होतो. गोविंदराव त्याचे शेजारी. ते तीन आठवडे बांद्याला बहिणीकडे गेले होते. तेवढ्यात त्यांचा तांबडा बैल दावं तोडून कुणाच्या तरी गुरांमागून चालता झाला, खाडीला वळसा घालून या गावात आला आणि एक भाजीचा मळा फस्त करून कोंडवाड्यात पडला. मुदतीत मालक आला नाही, म्हणून नव्या ग्रामपंचायतीने लिलाव पुकारला. गोविंदरावांना आदल्या दिवशी कळलं. पंचायतीच्या कारकुनाचं उत्तर तयार होतं : बैल हवा तर बोली बोला.

"जोडीतलो दुसरो पंधरा दिस गवताक तोंड लावूक नाय," ते वाटेत म्हणाले. "माणसाची समजूत घालूक येता. तेका काय सांगतलंय?"

गावच्या हॉटेलात घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा गोड रस पुढ्यात आला. मी सहावा घावणा मोडत असताना गोविंदरावांनी बेत सांगितला. घाटावरून एक गुरांचा व्यापारी आला होता. बैल गोविंदरावांचाच आहे आणि त्यांना तो हवाच आहे, हे त्याला कळलं की भाव चढणार.

"म्हणान मी बैलाक वळखीत नाय. तुमीय वळखू नकात."

बेत उत्तम होता. फक्त बैलाला कुणी सांगितला नव्हता.

कोंडवाड्यात व्यापारी तांबड्याचे दात तपासत होता. गोविंदराव लांबून, आभाळाकडे बघत म्हणाले, "आळशी दिसता." तो आवाज कानी पडताच तांबड्याने असा हंबरडा फोडला की कारकुनाच्या हातची दौत सांडली. मग दोरी ओढत तो आला आणि मालकाची मान, कान, टोपी असं क्रमाने चाटू लागला.

"पाव्हणं," व्यापारी म्हणाला, "वळख नसताना लईच जीव लावतोय की!"

"घामाक मीठ आसता," गोविंदराव म्हणाले. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

लिलावासाठी तालुक्याहून साहेब आले होते. टेबल, टेबलावर चादर, चादरीवर घंटा. बैल सोडून सगळ्यांना हार घातले गेले. साहेबांनी वेदकाळापासून गोधनाचं माहात्म्य सांगायला सुरुवात केली. वडाची सावली सरकत गेली, तसे श्रोतेही सावलीबरोबर सरकत गेले, आणि भाषण इतिहासातून वर्तमानात येईपर्यंत साहेब भर उन्हात एका मोकळ्या जागेला उद्देशून बोलत होते.

एवढ्यात त्यांचा आवाज बसला. पुकारा करणार कोण? गावातला सर्वांत मोठा गळा देवळाच्या तातू गुरवाचा. त्याला पुढे ढकललं. तातूने बैलाकडे पाहिलं, गोविंदरावांकडे पाहिलं, डोळे मिटले, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवाला घालायचं साकडं) सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तांबडो बैल वाट चुकान आमच्या गावात इलो हा..."

"व्हय म्हाराजा!" दोनशे गळे गरजले. गाऱ्हाण्याला हुंकार द्यायचा नाही, हे तिथे कुणाला जमतच नाही.

"कोणाची वय-कुंपण मोडल्यान, भाजी खाल्ल्यान, ता सगळा पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!" यात भाजीच्या मळ्याचा मालकही होता. साहेबांनी हात किंचित उचलून स्वीकार केला. 'महाराज' आपणच, अशी त्यांची समजूत झाली होती.

"तेचो धनी तेका न्हेवक इलो हा. जो कोण आडो येत आसात तेका बरी बुद्धी दी, आणि बैलाक तेच्या गोठ्यात सुखरूप पावतो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी दचकलो. मीही ओरडलो होतो, तेही तिसऱ्यांदा. माझ्या शेजारी कुणीतरी "व्हय जी म्हाराजा" म्हणालं होतं. तो व्यापारी होता, पटका काखेत आणि हात जोडलेले.

गोविंदरावांनी नुसत्या वैरणीच्या खर्चाएवढी बोली बोलली. कारकुनाने व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"न्हाई बाबा," तो म्हणाला. "आत्ताच देवाला व्हय म्हनलो. आता त्येच तोंडानं बोली कशी वाढवू?"

घंटा तीनदा वाजली. इतके शिस्तप्रिय नागरिक आपण पाहिले नाहीत, असं साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. पोरंबाळं नाचली, कुणी आपला हार तांबड्याच्या गळ्यात घातला आणि त्याने तो खाल्ला.

मी तातू गुरवाला बाजूला गाठलं. "हे मुद्दाम केलंत ना?"

"माका तसाच वरडूक येता," तो निर्विकारपणे म्हणाला. "दुसरा कोणी शिकवल्यान खंय?"

परतीला तांबडा खाडीतून पोहत निघाला आणि गोविंदराव तरीच्या काठावरून वाकून त्याला दिवसभर न दिलेल्या शिव्या देत राहिले. अंगणात त्यांची बायको बैलाच्या पायांवर पाणी घालत म्हणाली, "खंय होतस रे मेल्या?" मागे उभ्या गोविंदरावांनी घाईघाईने सांगितलं, "बांद्याक."

आता मी पुण्यात, शाळेच्या सभांत, पुन्हा एकमताने ठराव मंजूर करतो. देव मी आजही मानत नाही. पण त्या वडाखाली मी तीनदा होकार दिला आणि तिन्ही वेळा मला वाटत होतं की बैल गोविंदरावांनाच मिळावा. सभेत हात वर करताना असं काही वाटल्याचं मला आठवत नाही.