डबीला पाजलेला चहा

त्यांना सगळी इमारत थंडोबा म्हणते, आणि तेही मुकाट्याने ओ देतात. तळघरातली थंड हवेची यंत्रं सांभाळता सांभाळता डोक्यावरचे केस गेले, पण कुणाच्या घरात उकडलंय असं कधी झालं नाही. नाही म्हणायला तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दिवसाआड फोन करून कुरकुरायच्या. थंडोबा गोड आवाजात म्हणायचे, "आत्ताच वाढवलं बघा, ताई." वाढवलेलं काहीच नसायचं. बाईंना मात्र लगेच गार वाटायचं.

मग कमिटीने नवी यंत्रणा आणली. दुपारी शहरभर विजेची मागणी वाढली की ती आपणहून इमारतीची वीज कमी घेते. प्रत्येक घराच्या भिंतीवरची पांढरी डबी तिला तिथलं तापमान कळवते, त्यावरून कुणाला किती गारवा सोडायचा ते ती ठरवते. संध्याकाळी मागणी उतरली की पुन्हा सगळीकडे गारेगार. वीज कंपनी खूश, बिलात सवलत, कमिटी खूश. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खवळल्या, पण यंत्रणेला ताई म्हणता येत नव्हतं.

थंडोबांची खोली नोकरीबरोबर मिळालेली, अगदी वर, गच्चीखाली. दुपारी स्लॅब तव्यासारखा तापायचा. वेगळा एसी लावायला बंदी, आणि पंखा लावला तर भट्टीचा वारा. त्यात पलंगावर बायको, झटक्याने अर्धं अंग गेलेली. तोंड तेवढं शाबूत होतं, आणि ते आधीही कुणाला आवरलं नव्हतं. घामाने तिच्या पाठीची कातडी लाल व्हायला लागली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं, "खोली गार ठेवा, नाहीतर जखम होईल."

तेव्हा थंडोबांनी अक्कल चालवली. जेवणाच्या सुट्टीत वर यायचं, चहा टाकायचा आणि वाफाळता कप डबीखाली धरायचा. डबी घाबरायची, यंत्रणा धावायची, जाळीतून गार झुळूक यायची.

"भिंतीला चहा पाजताय," बायको म्हणायची, "आणि मी इकडे नुसता वास घेतेय."

"तुला नंतर. आधी साहेबांना."

"साखर कमी घाला त्यांना. दिवसभर बसून असतात."

निम्मा उन्हाळा असा निघाला. एके दिवशी कप धरला, झुळूक आली नाही. दुसऱ्या दिवशी पातेलंच धरलं. डबी ढिम्म. खाली येऊन यंत्रणेच्या पडद्यावर पाहतात तो त्यांची खोली करड्या रंगात. यंत्रणेने तर्क लढवला होता: शेजारी शांत असताना ही एकच खोली रोज जेवणाच्या वेळी भडकते, तेव्हा हिचं सांगणं खरं नाही. यापुढे हिला विचारायचंच नाही, शेजारच्या दोन घरांवरून अंदाज बांधायचा. ती दोन्ही घरं बंद, पडदे ओढलेली, सावलीच्या बाजूची.

कंपनीची इंजिनियर मुलगी आली. तिने नवी डबी लावली, तरी खोली करडीच.

"काका, अविश्वास डबीवर नाही, खोलीवर आहे. काही केलं होतंत का?"

थंडोबांनी सांगून टाकलं. मुलगी हसली, मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं. "मी हा अविश्वास काढू शकते. पण कमिटीची परवानगी लागेल, आणि कारण सांगावं लागेल."

थंडोबांनी कमिटीपुढे कारण सांगितलं. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "सगळी इमारत घाम गाळतेय, आणि तुम्ही यंत्राला चहा पाजून लोकांच्या वाटणीचा गारवा पळवलात."

"साहेब, तिची पाठ सोलवटलीय."

"वाईट आहे, मान्य. पण उद्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई किटली घेऊन उभ्या राहिल्या तर त्यांना काय सांगू? तुमची खोली काढून घेत नाही, हेच नशीब समजा."

परवानगी मिळाली नाही.

तळघरातल्या पडद्यावर ती खोली रोज दुपारी सत्तावीस अंश असते. वर थंडोबा सुट्टी संपेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालतात, मग खाली येऊन ते सत्तावीस बघत बसतात. बायको आता टोमणे मारत नाही. त्यालाही दम लागतो.

नर्सबाई येतात त्या संध्याकाळी, मागणी उतरल्यावर. काल त्यांनी पट्टी सोडली, तर जखमेच्या तळाशी हाड दिसत होतं. त्यांनी जाळीखाली हात धरून पाहिला.

"खोली तर छान गार आहे," त्या म्हणाल्या. "मग भरत का नाही ही?"

थंडोबा बायकोला कुशीवर तसंच धरून राहिले, आणि नर्सबाई नवी पट्टी कापायला लागल्या.