हिंगोलीला सात मिनिटं परत करायला

"हिंगोलीत बघण्यासारखं काय आहे?" असं निघायच्या आदल्या दिवशी मला तिघांनी विचारलं. तिघांनाही मी "हळद" असं सांगितलं, आणि तिघांनीही माझ्याकडे दयेनं बघितलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मी तिथे एक वाक्य बोलायला चालले होते: "गौतम, तुझी सात मिनिटं पंजाबनं नाही कापली, मी कापली." बस्स, एवढंच. त्यासाठी जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर! फोनवर नसतं का बोलता आलं? आलं असतं की. पण फोन सहा वर्षं हातातच होता, तेव्हा कुठे बोलले.

ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं. मी 'चौथा भोंगा' या बँडमध्ये ड्रम वाजवते. आमचं संगीत म्हणजे हार्ड रॉक, पण असं, की ऐकताना समोरची भिंत जरा पातळ झाल्यासारखी वाटावी. हिंगोलीतल्या एका कापसाच्या जिनिंगचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा. बँड काढणाऱ्या दोघा मित्रांचं म्हणणं, तो चौथ्यांदाही वाजतो, फक्त ऐकायला डोकं जरा सैल लागतं. त्या दोघांतला गौतम गिटार वाजवतो आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याच्या गिटारचे पिकअपही, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी गुंडाळी, त्यानंच जळक्या पंपांच्या तांब्याच्या तारेतून गुंडाळलेत. दुसरा पंजाब, आमचा गायक, तिथल्याच एका तांड्यावरचा. दोन शेतांपलीकडच्या बापाला जेवायला हाका मारून त्याचा गळा तयार झालाय, त्यामुळे माईक ही त्याला नसती तकलीफ वाटते. बेस वाजवणारे आमच्याकडे दरवर्षी बदलतात, त्यांची नावं लक्षात ठेवू नका, आम्हीही ठेवत नाही.

पहिल्या दोन रेकॉर्ड हिंगोलीजवळच्या एका हळदीच्या शेडमध्ये झाल्या. तिथे हळद पॉलिश करायचं हातानं फिरवायचं जाळीचं पिंप असतं. (तिकडे त्याला ड्रमच म्हणतात, पण माझ्या ड्रमशी घोळ नको म्हणून आपण पिंप म्हणू.) गौतमनं गिटारचा स्पीकर त्या पिंपात बांधला आणि पिंप फिरवलं. आवाज जवळ येतो, लांब जातो, डोक्याभोवती फेर धरतो. फक्त स्पीकरची वायर पिंपाला गुंडाळली जायची, म्हणून आठ फेरे सुलटे झाले की आठ उलटे घ्यावे लागत. आमचा आवाज मध्येच माघारी वळतो ना, तो असा. एका पठ्ठ्यानं त्यावर 'काळाच्या चक्राचा उलटा प्रवास' म्हणून लांबलचक लेख लिहिला होता. आम्ही तो आदरानं वाचला आणि वायरीचं काही बोललो नाही.

दुसऱ्या रेकॉर्डमधलं 'कयाधू वर चढते' (कयाधू म्हणजे हिंगोलीची नदी) हे गाणं अकरा मिनिटांचं होतं, त्यात सात मिनिटं गौतमची एकट्याची. पुण्यात मिक्सिंगला मी एकटीच होते. ऐकताना लक्षात आलं, गिटारच्या ऐन मध्यात माझे ड्रम थांबलेत. चार सेकंद साफ थांबलेत, मग अडखळून परत सुरू. ड्रमर चुकला की सगळं जग ऐकतं हो! नुसते चार सेकंद कापले तर पिंपाचा फेर उडी मारायचा, म्हणून मी सातही मिनिटं उडवली. गौतमला सांगितलं, पंजाबला लांबट वाटलं. पंजाबला सांगितलं, गौतमच म्हणाला काप. गौतम चिडला, पंजाबला तो उगाच रुसलाय असं वाटलं, आणि दोघंही असे मानी, की एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. गौतम हिंगोलीला परतला, पंजाब पुण्यात राहिला, आणि लहानपणापासूनचे मित्र सहा वर्षं बोलले नाहीत.

तिसरी रेकॉर्ड आम्ही गौतमशिवाय चांगल्या स्टुडिओत केली. दवाखान्यातल्या फरशीइतकी स्वच्छ झाली ती, आणि तिथे जितक्या आनंदानं लोक जातात तितक्याच आनंदानं ती ऐकली गेली. आता चौथी करायची तर गौतम हवा. पंजाब म्हणाला, "मी पाया पडनार न्हाई. तू जा, तुझं त्याचं बरं हाय."

बरं हाय! तेच तर दुखणं. गौतम मला दर उन्हाळ्यात दोन किलो हळद पाठवतो. मी निर्दोष आहे ना त्याच्या लेखी. सहा वर्षं माझ्या घरात वरणाला फोडणी पडली की मला ठसका लागतो.

तर प्रवास. पुण्याहून वाशीमची स्लीपर घेतली, कारण हिंगोलीच्या गाड्या भरल्या होत्या. वाशीमला सकाळी उतरून हिंगोलीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, बिनधास्त मागा. कंडक्टरनं माझ्या ड्रमच्या काड्यांच्या पिशवीकडे बघून विचारलं, "लेझीम हाय का?" मी व्हय म्हटलं. रस्ता चांगला आहे, पण मार्चअखेरचं ऊन काय म्हणतात ते सकाळी नऊलाच कळतं. पाण्याची मोठी बाटली घ्या, आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊ नका, ऊन त्याच बाजूनं येतं.

गौतमनं हिंगोलीच्या अलीकडे, कनेरगाव नाक्यालाच उतरायला सांगितलं होतं. मोटरसायकलला टेकून उभा होता. पोट सुटलंय, केस गेलेत, हसू मात्र तेच.

"बराबर टायमावर आली की! म्हटलं पुणेकरीन येऊन राहिली, दुकानाला आज कुलूप."

"गौतम, मला तुला एक सांगायचंय."

"आधी खा. उपाशी मानसाचं मी ऐकत नसतो."

ढाब्यावर पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. दोघांचे मिळून तीनशेच्या आत. मी परत तोंड उघडलं, तर त्यानं त्यात ठेच्याचा घास दिला. पुढची दहा मिनिटं मी काहीच सांगू शकले नाही, ढाबेवाल्याला पाणी मागण्याइतकंही. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "गूळ द्या रे ताईला, बाहेरगावची दिसून राहिली." गूळ आला, वाक्य मात्र गेलं ते गेलंच.

मग मोटरसायकलवरून हिंगोली. गाडीवर बोलायचं तर वारा. दुकानात बोलायचं तर कुलूप बघूनही एक शेतकरी जळकी मोटार मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला. गौतमनं ती उघडली, वास घेतला आणि म्हणाला, "काका, हिला तुमी जाळलं की हिनं तुमाला?" काका तासभर बसले. संध्याकाळी हळदीच्या मार्केटला गेलो. पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी पूड, आणि भाव पुकारणाऱ्याचा आवाज असा, की पंजाबनं त्याच्याकडे शिकवणी लावावी. पांढरे कपडे घालून जाऊ नका, मी गेले होते. स्टेशनजवळ लॉज मिळतं, नॉन-एसी आठशेला, पण कूलरची चौकशी आधी करा. माझा कूलर नुसताच आवाज करत होता, तोही तालात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसीकडे निघालो. नामदेवांचं गाव म्हणून गाड्या येत असतात, रस्त्याला चहा, नारळ, पेढे सगळं आहे. देवळात जाऊन आले. काही मागितलं नाही, कारण जे मागायचं होतं ते मागायला तोंड नव्हतं. तिथून जवळच ती शेड. बाहेर उकडलेली हळद वाळत पडलेली, आत गौतमची आई, शांताबाई, निवडायला बसलेली. हंगामात ती अजून इथे कामाला येते, पोरगा नको म्हणतो तरी.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. किती वाळली गं! पुण्यात भाकर भेटत न्हाई का?"

कोपऱ्यात ते जुनं पिंप होतं. आता पॉलिश मोटारीवरच्या मोठ्या पिंपात होतं, हे नुसतं उभं आहे. दांड्याला गंज चढलाय. मी त्याला हात लावला आणि मला आठवलं, की हे पिंप तेव्हा फिरवायची ती शांताबाईच. दोन्ही रेकॉर्ड. आम्ही तिघं वाजवायचो आणि ती पदर खोचून आठ सुलटे, आठ उलटे. सात मिनिटांच्या गिटारीत सगळे फेरे तिचे होते, आणि रेकॉर्डवर आम्ही तिचं नाव टाकलं नव्हतं. चहावाल्याचे मात्र आभार मानले होते! लाज वाटली, अशी तशी नाही.

आता कोणी घास भरवणार नव्हतं आणि वाराही नव्हता. म्हणून टाकलं बोलून. "गौतम, 'कयाधू'मधली तुझी सात मिनिटं पंजाबनं नाही कापली. मी कापली. तुला खोटं सांगितलं, त्यालाही खोटं सांगितलं."

गौतम हातातलं हळकुंड फिरवत राहिला. "तू?" एवढंच म्हणाला. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

शांताबाईनं विचारलं, "काहून कापलं गं?"

"माझी चूक झाली होती, मावशी. मध्यात माझे ड्रम थांबले होते. ते लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून."

तिनं सूप खाली ठेवलं. "मधात म्हंजे? पिंप उलटं फिरवायच्या टायमाला?"

"हो, तिथेच."

"तवा म्या थांबले व्हते," ती म्हणाली. "उजवा हात अवघडला, उचलंच ना. डावा घालायला येळ लागला जरा." मग मान खाली घालून, हळद चिवडत, "रेकॉड आली तवा सगळी गल्ली बसवली व्हती आयकायला. तेवढी गिटार आलीच न्हाई. मला वाटलं, म्या थांबले म्हनून पोरांनी कापून टाकलं. म्या लेकराचं गाणं नासवलं म्हनून कुनालाच बोलले न्हाई."

"माय!" गौतम ओरडलाच. "सहा वर्सं हे डोक्यात घेऊन बसलीस व्हय?"

"तू तरी इचारलंस का?"

गौतमच्या फोनमध्ये ती अख्खी अकरा मिनिटं होती. ठेवली होती त्यानं, ऐकत मात्र नव्हता. तिघं पोत्यांवर बसलो आणि लावलं. गिटार फेर धरते, जाते, येते, आणि मध्यात पिंप थांबतं. त्याच क्षणी माझे ड्रमही थांबतात. मी चुकले नव्हते हो! मी कानानं तिचाच फेर धरून वाजवत होते, ती थांबली म्हणून मी थांबले. गौतमचा एकच सूर मध्ये लटकत राहतो. मग दांडा करकरतो, पिंप दुसऱ्या बाजूला वळतं, आणि आम्ही तिघं एकदम त्यात पडतो. ज्याला मी अडखळणं म्हणत होते, ते हे होतं. इतकं सुंदर आम्ही आयुष्यात कधी वाजवलेलं नाही, आणि तेच मी कचऱ्यात टाकून आले होते. मला रडू फुटलं. चांगलं भोकाड पसरलं मी.

शेडचा मालक दारातून म्हणाला, "ओ ताई, रडायचं तर तिकडं सावलीत रडा. हळद वाळून राहिली."

गौतम मला म्हणाला, "तुझं मी नंतर बघतो," आणि फोन घेऊन बांधावर गेला. सहा वर्षांनी पंजाबला लावलेल्या फोनवर त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं: "पंज्या, जेवला का?" पुढचा अर्धा तास फक्त हसणं आणि मधूनमधून माझं नाव ऐकू येत होतं, आणि माझ्या नावाला जोडून जे येत होतं ते इथे छापता येत नाही. शेवटी त्यानं फोन माझ्या कानाला लावला. पंजाब एवढंच म्हणाला, "ये तू पुण्याला." माईक नव्हता, तरी अख्ख्या शेतात ऐकू गेलं.

दुपारी शांताबाईनं वरण-भात घातला. एकदाही ठसका लागला नाही. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं दंड धरून उभं केलं. "राहू दे ते. नाव टाक माझं. शांताबाई टाक, नुसती गौतमची आई नको."

परतीला हिंगोलीहून थेट पुण्याची बस मिळाली. तिकीट आधी काढा, सणासुदीला हजाराच्या पुढे जातं. सोबत पाच किलो हळद, गौतमनं दिलेली. नको म्हणून बघितलं, तर म्हणाला, "माफ केलं म्हनून न्हाई, पिकली म्हनून देऊन राहिलो."

घरी येऊन आज तीन आठवडे झाले. पंजाब पहिले आठ दिवस माझ्याशी फक्त बेसवाल्यामार्फत बोलत होता, तेव्हा मला त्या बिचाऱ्याचं नाव कळलं. मग दोघा मित्रांनी फोनवर बैठक घेतली: मला बँडमध्ये ठेवायचं की नाही. दोघंही नाही म्हणाले. सुटका शांताबाईनं केली. "माझा हात थांबला तवा थांबनारी ती एकटीच व्हती," म्हणाली, "तुमा दोघांना तर कळलंबी न्हाई." तिच्यापुढे दोघांचं काही चालत नाही. मात्र दोघांनी शिक्षा दिली, आणि ती ही: सगळा प्रकार स्वतःच्या ब्लॉगवर स्वतःच्या हातानं लिही, काहीही न कापता. तशी ही पोस्ट दोघांना वाचून दाखवली आहे. दोघांनाही ती लांबट वाटली. मी एक शब्द कमी केलेला नाही.

चौथी रेकॉर्ड मे महिन्यात, हळद संपली की त्याच शेडमध्ये. तोवर 'कयाधू वर चढते' आजपासून पूर्ण अकरा मिनिटं टाकलंय, नावांत सगळ्यात वर शांताबाई. मध्यात एकदम सगळं थांबेल. तुमचं नेट गेलेलं नाही, पुढे ढकलू नका. चार सेकंद थांबा, ती हात बदलतेय.