निष्कर्ष आधीच लिहिलेलं प्रपोजल

वाधवानी सर, म्हणजे आमचे प्रिन्सिपल, माझ्या लॅबमध्ये मेजरिंग टेप घेऊन उभे होते. खोलीचं माप घेत होते.

"कांबळे मॅडम, इधर चार रॅक बसतील ना?"

"कसले रॅक, सर?"

"आन्सरशीटचे गठ्ठे ठेवायला. एक्झाम डिपार्टमेंटला जागा पाहिजे. तुमचं रिसर्च तर काय चालूच नाय."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. उल्हासनगरच्या या कॉलेजात मी सोळा वर्षं बायोटेक शिकवते. लॅबमध्ये दोन मायक्रोस्कोप आणि एक इनक्युबेटर, त्याचं दार सुतळीने बांधलेलं. पण खोली माझी होती, भांडून मिळवलेली. शेवटी सरांनी मुदत दिली. या वर्षी बाहेरचा एखादा प्रोजेक्ट मंजूर झाला तर खोली राहील, नाहीतर गठ्ठे येतील.

प्रोजेक्ट हवा तर प्रपोजल लिहावं लागतं. आपण काय शोधणार आणि कसं शोधणार, हे पैसे देणाऱ्या समितीला पटवून देणारा लांबलचक अर्ज. म्हटलं, त्यात काय मोठंसं. विषय घेतला जीन रेग्युलेशनचा. आपल्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशीत जनुकं तीच असतात, पण चालू असतात वेगवेगळी. बिल्डिंगमधल्या प्रत्येक फ्लॅटचं वायरिंग एकच, कुणी कुठला दिवा लावलाय ते वेगळं. हे दिवे कोण लावतं, कोण विझवतं, याचा हा अभ्यास. माणूस, झाड, पावातलं यीस्ट, ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं ते सगळे युकॅरिओट. त्यांच्यात हा कारभार भलताच गुंतागुंतीचा. मी त्यातलं यीस्ट निवडलं, कारण ते सुतळीच्या इनक्युबेटरमध्येही वाढतं.

बावीस पानं लिहिली आणि बदलापूरला सामंत बाईंकडे नेली. बाई मोठ्या संस्थेतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञ. अशी प्रपोजलं तपासण्यात त्यांची हयात गेली. चहा पार गार होईपर्यंत त्या वाचत होत्या. मग म्हणाल्या, "अभिनंदन. काम छान झालंय."

मी लाजले. "अजून केलं कुठे, बाई?"

"मग हे काय?"

शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: निरीक्षण, साखर दिल्यावर जनुक बंद झाले. निष्कर्ष, सिद्धांत सिद्ध झाला.

त्याचं असं आहे, कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल असतं. उद्देश, तत्त्व, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मुलं ते प्रयोगाच्या आधीच, मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवून आणतात आणि मी मुकाट सही करते. मीही तशीच शिकले. प्रपोजल लिहिताना हात आपसूक निष्कर्षापर्यंत गेला होता.

"उत्तर माहीतच आहे तर समिती प्रोजेक्ट कशाला देईल?" बाई म्हणाल्या. "आणि पहिल्या पानावर कॅन्सर बरा केलायस. आधी इनक्युबेटरचं दार बसव. तुला काय माहीत नाही, ते लिही."

"माहीत नाही असं लिहायचं? समितीला?"

"तेवढंच तर लिहायचं असतं गं."

सोळा वर्षं फळ्यापुढे उभं राहून 'मला माहीत नाही' हे वाक्य मी उच्चारलेलं नव्हतं. ते तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, मग चौथ्यांदा लिहिलं. बावीसची अकरा पानं झाली. कॅन्सर गेला. प्रश्न एकच उरला. साखर दिली की यीस्टचं एक ठरावीक जनुक बंद होतं. पण कॉलेजसमोरच्या बेकरीतलं यीस्ट वर्षानुवर्षं गोड मैद्यात वाढलंय. त्याच्यातही ते तितक्याच पटकन बंद होतं का? नवव्या पानावर बाईंनी एक मथळा लिहायला लावला: अंदाज चुकला तर काय?

प्रपोजल पाठवलं, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तिथे समितीच्या अध्यक्षांनी नेमकं तेच विचारलं. "साखर देऊनही जनुक बंद झालं नाही तर?"

होईल सर, नक्की होईल, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. "तर माझा अंदाज चुकला, सर. मग जनुक बंद करणारं प्रथिन केंद्रकात पोचतं का, ते पाहीन. पान नऊ."

त्यांनी पान नऊ उघडलं, वाचलं आणि मान हलवली. महिन्याभराने मंजुरी आली. मी स्टाफरूममध्ये रडले, सगळ्यांदेखत.

वाधवानी सरांनी पेढे मागवले. "रिझल्ट पॉझिटिव्ह येणार ना, मॅडम?"

"माहीत नाही, सर."

सरांचा पेढा हातातच राहिला.

पहिल्याच प्रयोगात बेकरीच्या यीस्टमधलं जनुक काही बंद झालं नाही. दोन दिवस तोंड पाडून फिरले, मग मुकाट्याने पान नऊ काढलं. अजून त्याच पानावर आहे मी.

त्याच आठवड्यात मुलांची जर्नलं आली. प्रयोग सोमवारी, निष्कर्ष आदल्या शनिवारीच लिहून तयार. सगळी परत केली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं तर तुम्ही सही करायच्या."

करायचे. आता काय सांगणार तिला? जर्नलमध्ये निष्कर्ष आधी लिहिला की सही मिळते. प्रपोजलमध्ये लिहिला की खोलीत रॅक बसतात.